उसाचा हंगाम संपला, आता ट्रक पावसाळाभर उभा ठेवायचाय

मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचं गाळप आटोपतं, शेवटची खेप काट्यावर रिकामी होते आणि कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या कितीतरी ऊसवाहतुकीच्या गाड्या थेट ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जागच्या हलत नाहीत. काहींना मधल्या काळात विटा, खत, सिमेंटचं भाडं मिळतं. बाकीच्यांना मिळतं ते परवडत नाही. ड्रायव्हर गावी जातो आणि ट्रक शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, नाहीतर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत पाऊस अंगावर घेत उभा राहतो. मग दिवाळीच्या आसपास धावाधाव सुरू होते. बॅटरी मेलेली, ब्रेक जाम, फिल्टरमध्ये चिखल, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. चालून झिजली असती त्यापेक्षा जास्त खर्च उभी राहून करून ठेवलेला असतो.

यातला बहुतेक खर्च टळतो, पण त्यासाठी गाडी उभी करायच्या आधी एक-दोन दिवस तिच्यामागे घालवावे लागतात. काय करायचं ते सांगतो, पण त्याहून जास्त भर का करायचं यावर देतो. कारण कळलं की यादी लक्षात ठेवावी लागत नाही.

उभ्या डिझेल गाडीचं जे जे बिघडतं त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा पाणी असतं. डिझेलच्या टाकीत हवेतून आलेलं, इंजिन ऑइलमध्ये जळणातून उतरलेलं, हवेच्या टाकीत साचलेलं, ब्रेकच्या ड्रमवर बसलेलं. गाडी रोज चालत असते तेव्हा ती तापते आणि हे पाणी आपोआप उडून जातं. उभी राहिली की ते तिथंच मुरतं. त्यामुळे खाली जे काही सांगितलंय ते म्हणजे पाणी आत येऊ न देणं, आलेलं काढून टाकणं आणि राहिलंच तर त्याला लोखंडापर्यंत पोचू न देणं, एवढंच.

आठवड्याला दहा मिनिटं चालू करायची सवय

सर्वांत आधी याचा निकाल लावू, कारण हे जवळपास प्रत्येक जण करतो. दर रविवारी कुणीतरी येतं, किल्ली फिरवतं, इंजिन दहा मिनिटं जागेवर घुरघुरतं आणि "गाडी फिरती ठेवली" याचं समाधान मिळतं. यानं फायद्यापेक्षा नुकसानच जास्त होतं.

डिझेलमध्ये कार्बनबरोबर हायड्रोजन असतो. तो जळला की पाणी तयार होतं. एक लिटर डिझेल जळालं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडतं. इंजिन कामाला लागून नीट तापलेलं असेल तर ही वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. जागेवर चालणारं डिझेल इंजिन मात्र तापायला फार वेळ घेतं, दहा मिनिटांत तर नाहीच. मग थोडी वाफ सायलेन्सरच्या नळ्यांत थंड होते, थोडी पिस्टनच्या कडेनं खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते. न जळलेलं थोडं डिझेलही त्याच वाटेनं ऑइलमध्ये जातं. जागेवर चाललेल्या इंजिनाचा अल्टरनेटर दहा मिनिटांत उतरलेली बॅटरी नीट चार्जही करत नाही. बीएस-६ गाडी (2020 पासूनच्या प्रदूषण नियमांची) असेल तर सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये काजळी साठत राहते, आणि ती जाळून टाकण्याइतकी उष्णता तयारच होत नाही.

म्हणून सुरुवातीलाच ठरवा. एक तर महिन्यातून एकदा गाडी खरोखर रस्त्यावर काढा, चांगली तीस-चाळीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेल आणि ब्रेक, गिअर, क्लच सगळं वापरात येईल अशी. नाहीतर तिला व्यवस्थित बंद करा आणि पुन्हा काढेपर्यंत किल्लीला हात लावू नका. माझं मत विचाराल तर शेडची सोय आणि फिरवणारा विश्वासू माणूस असेल तर पहिला मार्ग चांगला. ड्रायव्हर गावी गेलेला असेल तर दुसरा. मधला मार्ग सर्वांत वाईट. या निर्णयाचा संबंध आरटीओच्या कागदांशीही आहे, त्यावर पुढे येतो.

धुणं आणि जागा

ऊस वाहून आलेल्या गाडीच्या हौद्याच्या फटींत, चेसिसच्या खोबणींत, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्यांच्या मध्ये पाचट अडकलेलं असतं आणि त्यावर उसाच्या रसाचा चिकट थर असतो. पाचट ओलावा धरून ठेवतं, रस आंबून आम्ल होतं आणि दोन्ही मिळून पत्रा खातात. उंदरांना घरट्याला सामान मिळतं ते वेगळंच. त्यामुळे नुसतं कॅबिन चकाचक करून उपयोग नाही, गाडी खालून धुवा. प्रेशरच्या पाण्यानं धुताना अल्टरनेटर, वायरिंगचे सॉकेट आणि ईसीएमवर (इंजिनाच्या कॉम्प्युटरवर) थेट फवारा मारू नका.

धुऊन झालं की गाडी उन्हात पूर्ण वाळू द्या आणि मगच ग्रीसिंग करा. क्रम उलटा झाला तर पाणी आत कोंडलं जातं. किंगपिन, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, पाट्यांच्या पिना, ब्रेकचे स्लॅक अॅडजस्टर या प्रत्येक निपलवर जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत गन मारायची. ते जुनं ग्रीस आपल्याबरोबर आत गेलेलं पाणी बाहेर घेऊन येतं.

चेसिसला जळकं ऑइल मारायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. फुकट मिळतं म्हणून मारतात. पण वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, त्याला धूळ चिकटते आणि ते रबरी होज, बुश, टायर यांच्यावर ओघळलं की रबर फुगतं. खरवडून गंज काढा, प्रायमर आणि रंगाचा हात द्या, नाहीतर बाजारात मिळणारं गंजरोधक कोटिंग मारा.

जागा निवडताना काळी माती टाळा. पहिल्या मोठ्या पावसात रिकामा ट्रकसुद्धा तिच्यात बसतो आणि गवताचा ओलावा खालून लागत राहतो. मुरूम टाकून दाबलेली, पाणी न साचणारी सपाट जागा हवी. शेड नसेल तर ताडपत्री चालेल, पण कॅबिनपासून टायरपर्यंत गच्च आवळून बांधू नका. आतली वाफ बाहेर जायला वाट हवी, नाहीतर पाऊस नसतानाही गाडी आतून ओली राहते. नदीकाठच्या लोकांना वेगळं सांगायला नको, तरी सांगतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 मध्ये पंचगंगा आणि कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते गावात प्रत्येकाला माहीत आहे. सहा महिने उभी करायची गाडी त्या रेषेच्या वर उभी करा.

डिझेलची टाकी: गाळ कुठून येतो

टाकीत डिझेल असतं तसं वर हवाही असते. दिवसा टाकी तापली की हवा फुगून बाहेर जाते, रात्री थंड झाली की बाहेरची हवा आत ओढली जाते. पावसाळ्यात ती हवा ओली असते. तिच्यातली वाफ टाकीच्या थंड भिंतींवर थेंबांच्या रूपात जमते आणि थेंब ओघळून तळाला जातात, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. रोज थोडं थोडं करत महिन्याभरात तळाशी पाण्याचा थर तयार होतो.

नुसतं पाणी असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण पाणी आणि डिझेल जिथं एकमेकांना टेकतात त्या पट्ट्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात. त्यांना राहायला पाणी आणि खायला डिझेल लागतं. त्यांच्या वाढीतून तपकिरी-काळा, शेवाळासारखा बुळबुळीत साका तयार होतो आणि त्यातून निघणारं आम्ल टाकी आतून खातं. हंगामाच्या पहिल्या दिवशी गाडी खड्ड्यातून हिंदकळली की हा साका वर येतो, फिल्टरमध्ये जाऊन बसतो आणि भरलेली गाडी चढावर ओढेनाशी होते. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेलं असेल तर काम आणखी लवकर होतं, कारण बायोडिझेल पाणी धरून ठेवतं.

हे स्वतः पाहायचं असेल तर सोपं आहे. इंजिनाकडं जाणाऱ्या लाइनवर वॉटर सेपरेटर असतो, म्हणजे पाणी वेगळं करणारा फिल्टर. त्याच्या बुडाशी एक छोटा प्लास्टिकचा स्क्रू असतो. खाली काचेची पारदर्शक बाटली धरा, स्क्रू सैल करा आणि पाव लिटरभर निघू द्या. बाटली पाच मिनिटं स्थिर ठेवा. वर पिवळसर स्वच्छ डिझेल, खाली पाण्याचा थर आणि मध्ये जाळीदार तपकिरी पापुद्रा दिसला तर तुमच्या टाकीत वस्ती झालेली आहे. अशा टाकीवर नवा फिल्टर बसवून भागत नाही. आधी टाकी उतरवून साफ करावी लागते. जंतू मारायचं औषध मिळतं, पण मेलेला साकाही फिल्टरच भरतो, म्हणून औषधानंतर फिल्टर पुन्हा बदलावा लागतो.

टाकी स्वच्छ असेल तर उपाय म्हणजे ती जवळजवळ गळ्यापर्यंत भरून ठेवणं. वर हवाच उरली नाही तर ओलावा कशातून येणार? उन्हात डिझेल फुगतं म्हणून वर थोडी जागा सोडा, पण थोडीच. इथं लोक विचारतात की भरलेली टाकी शेतात उभी करून चोरांना आमंत्रण द्यायचं का. रास्त प्रश्न आहे. अडीचशे-तीनशे लिटर डिझेल म्हणजे हजारो रुपयांचा माल. टाकीला कुलूप लावा, गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवा, झाकणाची बाजू भिंतीकडं करा. हे काहीच जमणार नसेल तर टाकी जवळजवळ रिकामी ठेवा आणि परत काढताना तळ पूर्ण उपसून मगच नवं डिझेल भरा. अर्धी टाकी ठेवण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. ओली हवाही निम्मी, खराब व्हायला डिझेलही निम्मं.

चांगल्या स्थितीत डिझेल सहा महिने ते वर्षभर टिकतं. त्यानंतर त्याचं हवेशी रासायनिक कुजणं सुरू होतं आणि डिंकासारखा पदार्थ तयार होतो. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्या थोडाफार कचरा सहन करून घेत. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंजेक्टरला डिझेल 1,600 ते 2,000 बार दाबानं जातं आणि त्यातली भोकं अतिशय बारीक असतात. तिथं पाण्याचा एक थेंबसुद्धा महागात पडतो. रॉकेल मिसळून "साफ" करायचे जुने उद्योग या इंजिनांवर करू नका. वंगण कमी होऊन पंपच जातो.

ऑइल, कूलंट आणि युरिया

ऑइल बदलायचं ते परत काढताना नाही, उभी करताना. कारण वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, पाणी आणि जळणातून आलेलं आम्ल असतं. असं ऑइल सहा महिने बेअरिंगला लागून राहिलं तर त्यांचा पृष्ठभाग खातं. इंजिन गरम असताना जुनं काढा, फिल्टर बदला, नवं भरा आणि पाच-दहा मिनिटं इंजिन चालवून नवं ऑइल सगळीकडं फिरू द्या. सहा महिन्यांनी तेच ऑइल हंगामाला चालतं, पुन्हा खर्च नाही.

कूलंटच्या बाबतीत आपल्याकडं वेगळीच अडचण आहे. इथं बर्फ पडत नाही, म्हणून बरेच जण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरतात. कूलंटचं अर्धं काम गोठण्यापासून वाचवणं असलं तरी उरलेलं अर्धं गंज आणि क्षार रोखणं आहे, आणि ते सोलापुरातही तितकंच लागतं. उभ्या इंजिनात क्षारयुक्त पाणी राहिलं की रेडिएटरच्या नळ्या चोंदतात आणि सिलिंडरचे लायनर बाहेरून खड्डे पडून खराब होतात. कंपनीनं सांगितलेलं कूलंट, बहुधा निम्म्याला निम्मं डिस्टिल्ड पाणी घालून, भरूनच उभी करा. एक सावधगिरी: कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. जुनं काढलेलं गोठ्याजवळ ओतलं तर जनावर किंवा कुत्रं चाटेल.

बीएस-६ 1 एप्रिल 2020 पासून सक्तीचं झालं आणि ड्रायव्हर ज्याला नुसतं "युरिया" म्हणतात ते डीईएफ, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणारं द्रावण, जे आधी काही बीएस-४ ट्रकांतच होतं, ते सर्रास आलं. हे 32.5 टक्के युरिया आणि बाकी अतिशुद्ध पाणी. याला उष्णता सोसत नाही. 25 अंशांखाली ते साधारण दीड वर्ष टिकतं, 30 अंशांत वर्षभर, आणि 35 अंशांत सहा महिनेच. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असतं ते तुम्हीच सांगा. दोन-तीन महिनेच उभी करायची असेल तर टाकी भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवली की पुरतं. पूर्ण उन्हाळा-पावसाळा काढायचा असेल तर परत काढताना जुनं काढून नवं भरायचंच असं धरून चाला. खराब डीईएफवर गाडी काढली की सेन्सर चूक पकडतो, दिवा लागतो आणि थोड्या वेळानं इंजिनाची ताकद आपोआप कमी केली जाते. झाकणाभोवती पांढरे खडे दिसले तर घाबरू नका, तो सुकलेला युरिया आहे, साध्या पाण्यानं विरघळतो.

बॅटरी

ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून 24 व्होल्ट करतात. काहीही चालू नसलं तरी लेड-ॲसिड बॅटरी आपली आपण उतरत जाते, उन्हाळ्यात जास्त वेगानं. त्यात जीपीएस, घड्याळ, ईसीएम, टेप हे सगळे थोडा थोडा करंट पीत असतात. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे कठीण खडे धरतात आणि मग कितीही चार्ज केली तरी ती पूर्वीसारखी होत नाही.

केबल काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह. बीएस-६ गाडीत किल्ली बंद केल्यावर लगेच मेन स्विच पाडू नका किंवा केबल काढू नका. किल्ली बंद झाल्यावर डीईएफचा पंप नळ्यांमधला युरिया परत टाकीत ओढून घेतो. त्याला वेळ मिळाला नाही तर युरिया नळीतच सुकून खडे होतात. पाच मिनिटं थांबा, मग काढा.

काढलेल्या बॅटऱ्या कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा मीटर लावा. एका बॅटरीचे 12.6 व्होल्ट किंवा जास्त म्हणजे भरलेली. 12.4 च्या खाली गेली की चार्ज करा. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते ही समजूत जुन्या खोक्यांच्या काळातली आहे, आजच्या प्लास्टिकच्या खोक्याला फरशीनं काही होत नाही. दोनपैकी एक गेली तर दोन्ही बदलाव्या लागतात हे कडू असलं तरी खरं आहे, कारण कमजोर बॅटरी चांगलीलाही खाली ओढते.

ब्रेक: इथं घाई नको

एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक दोन तऱ्हेनं लागतात. पाय दाबला की हवा ब्रेक लावते. पार्किंग ब्रेकचं गणित मात्र उलटं आहे. मागच्या ब्रेक चेंबरमध्ये, ज्याला गॅरेजमध्ये बूस्टर म्हणतात, एक जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते. हवा तिला दाबून धरते तेव्हा ब्रेक मोकळा असतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. चालत्या गाडीची हवा गेली तर ती आपोआप थांबावी म्हणून ही रचना केलेली आहे.

उभ्या गाडीची हवा मात्र काही दिवसांत झिरपून जातेच. म्हणजे तुम्ही काहीही केलं नाही तरी मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला घट्ट चिकटून सहा महिने राहणार. ड्रम बिडाचा, हवा ओली. लायनर आणि ड्रमच्या मध्ये गंज धरतो आणि दोघं एकमेकांना अक्षरशः चिकटतात. मग हंगामात चार ट्रक लावून ओढायचे प्रकार होतात आणि लायनरचा तुकडा शूवरून सुटून ड्रममध्येच राहतो.

उपाय दोन आहेत. गाडी महिन्याला फिरवणार असाल तर प्रश्नच नाही, दर वेळी हवा भरली की ब्रेक सुटतो आणि ड्रम घासून साफ होतो. फिरवणार नसाल तर स्प्रिंग बोल्टनं मागं खेचून ब्रेक कायमचा मोकळा करता येतो. बहुतेक स्प्रिंग चेंबरला त्यासाठी बोल्ट दिलेला असतो. हे काम ब्रेकच्या जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्या. चेंबरचा क्लॅम्प कुठल्याही परिस्थितीत उघडायचा नाही. ती स्प्रिंग सुटली तर माणूस जातो. आणि ब्रेक मोकळे केल्यावर गाडीला धरून ठेवणारं काही उरत नाही, म्हणून सपाट जागा, गाडी गिअरमध्ये आणि निदान चार चाकांना दोन्ही बाजूंनी भक्कम ठोकळे हे सगळं बोल्ट फिरवण्याच्या आधी. स्टीअरिंगला मोठ्या अक्षरात पाटी बांधा: "ब्रेक मोकळे आहेत, ठोकळे काढू नका."

ब्रेक सोडायचा नसला तरी हवेच्या टाक्या रिकाम्या करा. प्रत्येक टाकीच्या बुडाशी झडप असते. ती ओढली की आधी फस्सकन पाणी येतं, मग कॉम्प्रेसरमधून आलेल्या तेलाचा दुधाळ फेस, आणि मग कोरडी हवा. नुसती कोरडी हवा येईपर्यंत झडप सोडू नका. तेल फार येत असेल तर एअर ड्रायरचं कार्ट्रिज बदलायला झालंय आणि बहुधा कॉम्प्रेसरही दाखवायला झालाय.

टायर आणि उंदीर

गाडी रिकामी असावी, टायरमध्ये कंपनीनं सांगितलेली पूर्ण हवा असावी. महिन्याला फिरवणार नसाल तर जमल्यास अॅक्सलखाली लाकडी स्लीपर लावून टायरवरचं वजन कमी करा. उन्हाच्या बाजूच्या टायरांना गोणपाट बांधा, भेगा कमी पडतात.

उंदरांचं मात्र हलक्यात घेऊ नका. बीएस-६ गाडीतलं वायरिंग हार्नेस बदलायला लागलं तर हंगामाची कमाई तिथंच जाते. कॅबिनमधल्या बिस्किटांच्या पुड्या, शेंगांची टरफलं, अंथरूण, सगळं बाहेर काढा. सायलेन्सरचं तोंड आणि एअर फिल्टरचं तोंड जाळी किंवा प्लास्टिक बांधून बंद करा आणि बंद केल्याची चिठ्ठी किल्लीलाच अडकवा. कुणी उत्साहानं सेल्फ मारला तर प्लास्टिक आत ओढलं जातं. डांबरगोळ्यांचा वास काही दिवस चालतो, पिंजरा जास्त दिवस चालतो. पंधरा दिवसांनी बॉनेट किंवा कॅबिन उचलून लेंड्या पडल्यात का ते पाहायचं.

कागद

महाराष्ट्रात गाडी ठराविक काळ वापरात नसेल तर त्याची सूचना आरटीओला देऊन मोटार वाहन कराचा भार कमी करता येतो. बोलीत याला "नॉन-यूज टाकणं" म्हणतात. ही सूचना गाडी बंद ठेवण्याआधी द्यायची असते, नंतर नाही. आणि नॉन-यूज टाकलेली गाडी त्या काळात रस्त्यावर दिसली तर प्रकरण अंगाशी येतं. म्हणजे महिन्यातून एकदा फिरवायचं ठरवलं असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. कर वाचवायचा की ब्रेक-बॅटरी जिवंत ठेवायची, हिशेब आधी करा.

"उभीच तर आहे, विमा कशाला" असं म्हणून विमा सोडू नका. पूर, आग, चोरी हे उभ्या गाडीलाही होतं. शिवाय मुदत संपून 90 दिवसांच्या वर गेलं की नो क्लेम बोनस (दावा न केल्याची हप्त्यातली सूट) जातो. फिटनेसची, म्हणजे आरटीओच्या पासिंगची, तारीखही पाहून ठेवा. आठ वर्षांपर्यंतच्या मालवाहू गाडीला तो दोन वर्षांचा मिळतो, त्यापुढं दर वर्षी. तारीख सप्टेंबरात पडत असेल तर हंगामाच्या तोंडावर पासिंगच्या रांगेत उभं राहायची वेळ येते.

परत काढताना

बॅटऱ्या लावण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा, खाली वाकून. ऑइलचे डाग, लोंबणाऱ्या वायरी, फुगलेले होज. सायलेन्सर आणि एअर फिल्टरची तोंडं उघडा. वॉटर सेपरेटरमधून पुन्हा बाटलीत डिझेल काढून पाहा, पाणी असेल तर स्वच्छ येईपर्यंत काढा, डिझेल फिल्टर बदला. लाइनमध्ये एअर धरली असेल तर हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) कडक लागेपर्यंत दाबा.

सहा महिन्यांत वरच्या बेअरिंगवरचं आणि टर्बोच्या शाफ्टवरचं ऑइल खाली उतरलेलं असतं. टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो पूर्णपणे ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून जुन्या गाडीत इंजिन बंद करायचा स्टॉप ओढून धरा आणि सेल्फ दहा-पंधरा सेकंद दोन-तीनदा, मध्ये थांबून, फिरवा, म्हणजे चालू होण्याआधी ऑइल वर पोचेल. इलेक्ट्रॉनिक इंजिनात यासाठी काय करायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा. चालू झाल्यावर ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सुरुवातीला पांढरा धूर येईल, इंजिन तापलं की जायला हवा. गेला नाही तर थांबून कारण शोधा.

हवेचा बझर बंद होऊन प्रेशर पुरतं भरलं की बोल्टनं मोकळे केलेले ब्रेक मिस्त्रीकडून पूर्ववत करून घ्या, मग ठोकळे काढा. ब्रेक मोकळे न करता उभी केली असेल तर पार्किंग सोडून पहिल्या गिअरमध्ये अगदी हळू पुढं, मग मागं. चाक फिरण्याऐवजी घसटत असेल तर जोर लावू नका, मिस्त्रीला ड्रम ठोकून सोडवू द्या. रिकाम्या गाडीनं वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन या, थांबल्यावर प्रत्येक ड्रमजवळ तळहात न्या, टेकवायचा नाही. एकाच ड्रमची आच बाकीच्यांपेक्षा जास्त लागत असेल तर तिथला ब्रेक अजून पकडतोय. चाकांचे नट याच फेरीनंतर पुन्हा आवळा, आणि उसाची पहिली खेप त्यानंतर भरा.